बीटल्स सोडून गेलेला चित्रकार

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मामांकडे गेलो होतो. माळा आवरताना जुन्या तबकड्यांचे एक खोके हाती लागले. ग्रामोफोन केव्हाच मोडीत गेला होता, पण तबकड्या मामांनी जिवापाड जपल्या होत्या. त्यांतली एक बीटल्स या जगप्रसिद्ध इंग्लिश वाद्यवृंदाची, १९६७ सालची, ‘सार्जंट पेपर’ या नावाने ओळखली जाणारी. तिचे वेष्टन पाहत राहावे असे आहे. पुढे लष्करी बँडच्या रंगीत पोशाखातले चौघे बीटल्स आणि त्यांच्या मागे दाटीवाटीने उभे केलेले पन्नास-साठ चेहरे. त्यांत लेखक आहेत, नट आहेत, विचारवंत आहेत. आपल्याकडचे परमहंस योगानंद आणि त्यांचे गुरू युक्तेश्वर गिरी हेही त्या गर्दीत आहेत. मामा एकेक चेहरा ओळखून दाखवत होते. अगदी डाव्या कडेच्या एका तरुणावर त्यांचे बोट थांबले. हा पाचवा बीटल, असे ते म्हणाले. आणि जरा हसून त्यांनी पुस्ती जोडली की, हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागणारा माणूस पाहायचा असेल तर याला पाहा, जगातला सर्वांत मोठा वाद्यवृंद सोडून हा चित्रे काढायला गेला.

मामांचा टोमणा मला होता, हे न कळण्याइतका मी लहान नाही. गणपतीच्या महिनाभर आधी मी आमच्या गावातल्या ऑर्केस्ट्रातून बाहेर पडलो होतो. तीन वर्षे मी त्यात गिटार वाजवत होतो. लग्नसराईत आणि उत्सवांत मिळणाऱ्या बिदागीतून माझी फी निघत असे, रंगांचा आणि कागदाचा खर्चही निघत असे. पण बी.ए. झाल्यावर ए.टी.डी. करायचे, चित्रकला शिक्षक व्हायचे आणि आपली चित्रे काढीत राहायचे, असे मनाने घेतले होते. रात्री दोनपर्यंत कार्यक्रम करून सकाळी पेन्सिल हातात धरली की रेष थरथरते, हा रोजचा अनुभव होता. शेवटी ऐन हंगामाच्या तोंडावर मी बाहेर पडलो. मित्र रागावले. घरी तर कोणी सरळ बोलेना.

त्यामुळे वेष्टनावरचा तो तरुण माझ्या डोक्यातून जाईना. महाविद्यालयात परतल्यावर ग्रंथालयातून आणि सरांकडून मिळेल ते वाचले. त्याचे नाव स्टुअर्ट सटक्लिफ. अवघ्या एकवीस वर्षांचे त्याचे आयुष्य. ते वाचून मामांचे म्हणणे मला पटले की नाही, हे शेवटी सांगतो. आधी त्याची हकीकत.

स्टुअर्टचा जन्म २३ जून १९४० रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरा शहरात झाला. दुसरे महायुद्ध चालू होते. १९४३ मध्ये वडिलांच्या युद्धकामामुळे हे कुटुंब इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील लिव्हरपूल बंदराजवळ राहायला आले. पुढे वडील जहाजांवर इंजिनिअर म्हणून जाऊ लागले. ते महिनोन्‌महिने घराबाहेर असत. आई शिक्षिका. स्टुअर्टच्या पाठीवर दोन बहिणी. घर मध्यमवर्गीय, पैसा बेताचा. मुलाचा हात चित्रकलेत चांगला आहे हे लवकरच सर्वांच्या ध्यानात आले आणि १९५६ मध्ये, सोळाव्या वर्षीच, त्याला लिव्हरपूलच्या कला महाविद्यालयात प्रवेश मिळाला.

बारीक अंगकाठीचा, बुटका, अबोल असा हा मुलगा कामाला मात्र वाघ होता. आर्थर बॅलार्ड हे तिथले एक नावाजलेले अध्यापक. स्टुअर्ट वर्गापेक्षा आपल्या भाड्याच्या खोलीत जास्त रंगवत बसे, म्हणून बॅलार्ड स्वतः त्या खोलीवर जाऊन त्याला शिकवीत. शिक्षकाने विद्यार्थ्याच्या दारी जावे, अशी ही गोष्ट! पैशांसाठी स्टुअर्टने काही काळ लिव्हरपूल नगरपालिकेच्या कचऱ्याच्या गाडीवरही काम केले. सकाळी कचरा उचलायचा आणि मग रंग उचलायचे, असा तो क्रम.

१९५७ मध्ये त्याच महाविद्यालयात जॉन लेनन नावाचा एक उनाड विद्यार्थी दाखल झाला. अभ्यासात लक्ष नाही, अध्यापकांची टिंगल करण्यात पुढे. त्याचा जीव गाण्यात. अमेरिकेतून आलेल्या रॉक अँड रोल संगीताने तेव्हा इंग्लंडमधली पोरे झपाटली होती. निग्रो लोकांच्या ब्लूज गाण्यांतून आणि गोऱ्या शेतकऱ्यांच्या लोकगीतांतून हे संगीत उगवले. ठेका ठसठशीत, स्वर मोजके, शब्द सोपे. त्यामुळे कोणीही गिटार घ्यावी आणि चार सवंगडी जमवून वाजवू लागावे असा तो काळ. लेननने शाळेत असतानाच असा एक संच काढला होता. पुढे त्यात पॉल मॅकार्टनी आला आणि त्याच्या पाठोपाठ जॉर्ज हॅरिसन आला, जो नंतर रविशंकरांकडे सतार शिकला. बिल हॅरी या सहाध्यायाने लेननची आणि स्टुअर्टची ओळख करून दिली. दोघांचे मेतकूट असे जमले की ते एकाच बिऱ्हाडात राहू लागले. एक बडबड्या, दुसरा मितभाषी. स्टुअर्टने लेननला चित्रकलेच्या अभ्यासात हात दिला, चित्रकारांच्या आणि पुस्तकांच्या जगाची ओळख करून दिली. लेननने त्याला काय दिले? हसायला शिकवले आणि रॉक अँड रोलच्या वेडात ओढले.

नोव्हेंबर १९५९. लिव्हरपूलच्या वॉकर आर्ट गॅलरीत जॉन मूर्स यांच्या नावाचे दुसरे चित्रप्रदर्शन भरले. मूर्स हे तिथले मोठे उद्योगपती आणि कलाप्रेमी. साऱ्या देशातून चित्रे येत आणि निवड कडक असे. त्यात एकोणीस वर्षांच्या या विद्यार्थ्याचे ‘समर पेंटिंग’ हे अमूर्त चित्र निवडले गेले. खरे म्हणजे ते दोन मोठ्या फळ्यांवर रंगवलेले होते आणि त्यांतली एकच फळी प्रदर्शनात पोहोचली. पण ते अर्धे चित्रही इतके भावले की खुद्द जॉन मूर्स यांनी ते ६५ पौंडांना विकत घेतले. विद्यार्थ्याच्या हाती ही मोठीच रक्कम होती.

लेननच्या संचात तेव्हा बेस गिटार वाजवणारा कोणी नव्हता. मित्राने गळ घातली आणि चित्राच्या कमाईच्या जोरावर स्टुअर्टने हॉफनर कंपनीची एक बेस गिटार हप्त्यांनी घेतली. १९६० च्या सुरुवातीला तो त्या संचात सामील झाला. चित्रकाराने चित्राच्या पैशाने वाद्य घ्यावे आणि त्या वाद्याने त्याला चित्रापासून दूर न्यावे, असा हा प्रकार.

बेस गिटारविषयी दोन शब्द सांगतो. तिला चार जाड तारा असतात. तिचे काम खर्जाचे. गाणे ऐकणाऱ्याचे तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. पण ती थांबली की सारे गाणे पायातून जमीन सरकल्यासारखे वाटते. तारा जाड असल्याने बोटांना फोड येतात. आमच्या ऑर्केस्ट्रातला बेस वाजवणारा मित्र पहिले सहा महिने बोटांना चिकटपट्टी बांधून वाजवत असे. स्टुअर्टला पूर्वीचा सराव जवळजवळ नव्हता. तो वाजवत शिकला आणि शिकत वाजवत राहिला. व्यासपीठावर तो अनेकदा प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राही आणि वाजवता येत नाही हे लपवण्यासाठी तसे करी, अशी दंतकथा पुढे रूढ झाली. त्याचा जर्मन मित्र क्लाउस फोरमान, जो नंतर स्वतःच नामवंत बेसवादक झाला, त्याने मात्र स्टुअर्टच्या वादनाची बाजू घेतली आहे. त्याच्या मते स्टुअर्ट साधे वाजवी, पण रॉक अँड रोलला हवे तसे वाजवी. १९६० मध्ये घरगुती यंत्रावर मुद्रित केलेली, स्टुअर्टचा बेस असलेली तीन गाणी १९९५ साली बीटल्सच्या ‘अँथॉलॉजी’ संग्रहात प्रसिद्ध झाली. ती ऐकली तर दोन्ही मतांत थोडे थोडे तथ्य आहे असे वाटते.

वाद्यवृंदाच्या नावामागेही स्टुअर्टचा हात होता. बडी हॉली या अमेरिकन गायकाच्या साथीदारांचे नाव होते क्रिकेट्स, म्हणजे रातकिडे. त्याच धर्तीवर स्टुअर्ट आणि लेनन यांनी दुसरा किडा शोधला, तो बीटल, म्हणजे भुंगेरा. त्यात बीट, म्हणजे ठेका, या शब्दावरचा श्लेष साधला आणि काही बदल होत होत बीटल्स हे नाव कायम झाले. स्टुअर्ट आणि बिल हॅरी विद्यार्थी मंडळावर होते. मंडळाच्या पैशातून ध्वनिवर्धक घ्यावा असा त्यांनी आग्रह धरला आणि आलेला ध्वनिवर्धक अर्थातच मित्रांच्या संचाच्या उपयोगी पडू लागला. विद्यार्थी मंडळाचे राजकारण सर्वत्र सारखेच, हे वाचून मला हसू आले.

मे १९६० मध्ये जॉनी जेंटल नावाच्या गायकाला साथ करण्यासाठी हा संच स्कॉटलंडच्या छोट्या दौऱ्यावर गेला. पोरांनी हौसेने टोपणनावे घेतली. स्टुअर्टने घेतलेले नाव होते स्टुअर्ट द स्ताल. निकोला द स्ताल हा रशियात जन्मलेला, फ्रान्समध्ये राहिलेला थोर चित्रकार. रंगाचे जाड थर सुरीने लिंपून चित्र उभारणारा. १९५५ मध्ये त्याने आपले जीवन संपवले होते. इतरांनी रंगभूमीला शोभतील अशी नावे शोधली. हा गिटार गळ्यात अडकवून जन्मभूमीच्या गावांतून वाजवत फिरला, तोही एका चित्रकाराचे नाव घेऊन! या बारीकशा गोष्टीत मला त्याचे सारे मन दिसते.

त्या वर्षी त्याचे कला महाविद्यालयातले शिक्षण पूर्ण झाले. पुढची स्वाभाविक पायरी म्हणजे कलाशिक्षकाची पदविका. पण तेवढ्यात जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरातून बोलावणे आले आणि लेननचा आग्रह मोडवेना. बॅलार्डना हे पसंत नव्हते. ऑगस्ट १९६० मध्ये एका मोटारीत दाटीवाटीने बसून ही मंडळी हॅम्बुर्गला निघाली.

हॅम्बुर्ग हेही बंदरच. महायुद्धातल्या बाँबवर्षावाने उद्ध्वस्त झालेले आणि पुन्हा उभे राहिलेले. त्यातला सँक्ट पाउली हा खलाशांचा, दारूच्या गुत्त्यांचा, रंगेल भाग. तिथल्या इंद्रा नावाच्या क्लबात, आपल्या देवांच्या राजाच्या नावाचा योगायोग पाहा, १७ ऑगस्टपासून त्यांचे वादन सुरू झाले. माणशी रोज ३० मार्क आणि एरवी साडेचार तास, सुट्टीच्या दिवशी सहा तासांपर्यंत वाजवायचे. राहायची सोय बांबी नावाच्या चित्रपटगृहाच्या पडद्यामागच्या कोंदट खोल्यांत, शेजारी स्वच्छतागृह. इंद्रात ४८ रात्री आणि नंतर कायझरकेलर नावाच्या तळघरातल्या क्लबात ५८ रात्री, अशी ही तालीम झाली. पुढच्या बीटल्सची खरी शाळा हीच, असे जाणकार सांगतात. काळा चष्मा लावून स्टुअर्ट मधूनच एखादे संथ प्रेमगीत गाई आणि त्याला टाळ्या मिळत.

ऑक्टोबरमध्ये एका रात्री क्लाउस फोरमान हा कलाविद्यार्थी रस्त्यावरून जात असता तळघरातले संगीत ऐकून आत शिरला. त्याने आपली मैत्रीण ॲस्ट्रिड किर्शहर आणि मित्र युर्गेन फोल्मर यांनाही आणले. ही मंडळी सुशिक्षित, काळे कपडे घालणारी, फ्रेंच विचारवंतांचे वाचन करणारी. ॲस्ट्रिड छायाचित्रकार राइनहार्ट वोल्फ यांची साहाय्यक होती. तिने या पाच जणांना सकाळी जत्रेच्या मैदानावर नेले आणि लोखंडी सांगाड्यांच्या, ट्रकच्या पार्श्वभूमीवर त्यांची छायाचित्रे काढली. साधी पण विलक्षण गंभीर अशी ती छायाचित्रे आज जगप्रसिद्ध आहेत. ती काढताना तिचे लक्ष एकाच चेहऱ्याकडे वेधले गेले होते. तिला इंग्रजी धड येत नव्हते, स्टुअर्टला जर्मन मुळीच येत नव्हते. शब्दकोश मध्ये ठेवून त्यांचे बोलणे चाले. नोव्हेंबर १९६० मध्ये त्यांनी एकमेकांच्या बोटांत अंगठ्या घातल्या.

ॲस्ट्रिडने स्टुअर्टचे केस पुढे कपाळावर उतरवून नव्या तऱ्हेने कापले. ती तऱ्हा तिच्या जर्मन मित्रांत आधीपासून होती. लेननने प्रथम यथेच्छ टिंगल केली. पण ऑक्टोबर १९६१ मध्ये पॅरिसला जाऊन त्याने आणि पॉलने फोल्मरकडून तसेच केस कापून घेतले. आपल्याकडे साठ-सत्तरच्या दशकांत पोरांनी कानांवर केस वाढवले आणि घरोघर वडीलधाऱ्यांनी डोके धरले, त्या फॅशनचे एक मूळ त्या जर्मन घरात आहे. गळपट्टी नसलेला कोटही बीटल्समध्ये प्रथम स्टुअर्टच्या अंगावर दिसला.

नोव्हेंबर १९६० मध्येच संचाची पांगापांग झाली. जॉर्ज अठरा वर्षांचा नाही म्हणून त्याला जर्मनीबाहेर काढण्यात आले. पाठोपाठ आग लावल्याच्या आरोपावरून पॉल आणि ड्रमवादक पीट बेस्ट यांचीही रवानगी झाली. स्टुअर्ट ॲस्ट्रिडच्या घरी राहिला आणि जानेवारी १९६१ मध्ये लिव्हरपूलला परतला. आपल्या जुन्या महाविद्यालयात कलाशिक्षकाच्या पदविकेसाठी त्याने अर्ज केला. त्या पदविकेचे इंग्रजी आद्याक्षरी नाव ए.टी.डी. होते. मित्रहो, हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून काही वेळ बसून राहिलो. आपल्या महाराष्ट्रात गावोगावच्या चित्रकला शिक्षकांच्या नावापुढे जी तीन अक्षरे असतात, ज्यांच्यासाठी मी ऑर्केस्ट्रा सोडला, तीच ही अक्षरे. स्टुअर्टचा अर्ज नामंजूर झाला. विद्यार्थी मंडळाच्या ध्वनिवर्धकाचे प्रकरण त्याला भोवले, असे पुढे बोलले गेले.

म्हणजे लिव्हरपूलमध्ये त्याला दार बंद झाले, तेव्हा समोर सरळ रस्ता कोणता होता? वाद्यवृंदाचाच. त्याचे मित्र हॅम्बुर्गच्या टॉप टेन क्लबात एप्रिलपासून पुन्हा वाजवू लागले होते. पैसे मिळत होते, टाळ्या मिळत होत्या. तो तिथे त्यांच्याबरोबर वाजवतही होता. पण त्याच काळात त्याने हॅम्बुर्गच्या कला महाविद्यालयाचे दार ठोठावले. तिथे एदुआर्दो पाओलोत्सी हा शिल्पकार पाहुणा प्राध्यापक म्हणून आला होता. इटालियन आईबापांचा, पण एडिंबराच्या बंदरात जन्मलेला, म्हणजे स्टुअर्टचा गाववालाच. मासिकांतल्या जाहिरातींची कात्रणे चिकटवून १९४७ इतक्या आधी त्याने जी चित्रे केली, त्यांत पुढच्या पॉप कलेचे बीज होते असे मानतात. त्याने स्टुअर्टचे काम पाहिले, त्याला आपल्या वर्गात घेतले आणि शिष्यवृत्तीसाठीही खटपट केली. जून १९६१ मध्ये स्टुअर्ट तिथे दाखल झाला. त्याच महिन्यात त्याच्या मित्रांनी टोनी शेरिडन या गायकाला साथ करून आपले पहिले व्यावसायिक ध्वनिमुद्रण केले. त्यात बेस पॉलने वाजवला.

जुलैमध्ये बीटल्स लिव्हरपूलला परतले. स्टुअर्ट मागे राहिला. पॉलशी त्याचे कधीच फारसे जमले नव्हते, व्यासपीठावर एकदा हाणामारीही झाली होती. तरीसुद्धा त्याने आपली बेस गिटार पॉलला वापरायला दिली. पॉल डावखुरा. तारांची अदलाबदल करायची नाही एवढीच स्टुअर्टची अट होती, म्हणून पॉल ती उलटी धरून वाजवी. पुढे त्याने स्वतःसाठी व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर घेतली आणि बेस हेच त्याचे वाद्य झाले. स्टुअर्ट सोडून गेला नसता तर जगातल्या एका श्रेष्ठ बेसवादकाच्या हाती कदाचित बेस आलाच नसता.

यानंतर स्टुअर्टला नऊ-दहा महिने मिळाले. ॲस्ट्रिडच्या आईने घराचा पोटमाळा त्याला चित्रशाळेसाठी दिला. दिवसा वर्ग आणि रात्री पोटमाळा. या काळातल्या त्याच्या चित्रांना बहुतेक नावेच नाहीत. काळे, तपकिरी, मधूनच पेटणारे लाल असे रंग. जाड थर, त्यावर ओरखडे, कुठे चिकटवलेले कागद. मी ती फक्त छापील रूपात पाहिली आहेत. पहिल्यांदा काही कळत नाही. जरा वेळ पाहत राहिले की भिंतीवरून पोपडे निघावेत आणि खालून जुना रंग डोकवावा तसे काहीतरी दिसू लागते. लिव्हरपूलमधला हुशार विद्यार्थी दुसऱ्यांची वळणे गिरवत होता. पोटमाळ्यावरच्या चित्रांत कोणाचे वळण शोधावे लागत नाही. पाओलोत्सीने त्याची गणना आपल्या उत्तम विद्यार्थ्यांत केली.

पण त्याच काळात त्याचे डोके दुखू लागले. साधी डोकेदुखी नव्हे. उजेड सहन होत नसे, मधूनच दिसेनासे होई. १९६२ च्या सुरुवातीला तो वर्गातच कोसळला. हॅम्बुर्गच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, क्ष-किरण चित्रे काढली, पण निश्चित निदान झाले नाही. १० एप्रिल १९६२ रोजी तो पुन्हा कोसळला. रुग्णवाहिकेतून नेताना ॲस्ट्रिडच्या सोबतीतच त्याचा प्राण गेला. मेंदूतील रक्तस्राव हे कारण नोंदले गेले. वय एकवीस. पूर्वीच्या एका मारामारीत डोक्याला इजा झाली होती, त्याचा हा परिणाम असे पुष्कळांनी लिहिले. ते सिद्ध मात्र झालेले नाही.

१३ एप्रिलपासून स्टार क्लबात बीटल्सचे वादन सुरू व्हायचे होते. त्यासाठी ते ११ तारखेला हॅम्बुर्गच्या विमानतळावर उतरले, तेव्हा ॲस्ट्रिड समोर उभी होती आणि सोबत स्टुअर्ट नव्हता. ही बातमी त्यांना तिच्याच तोंडून कळली. त्यानंतर काही दिवसांनी तिने लेनन आणि हॅरिसन यांचे एक छायाचित्र काढले, तेही स्टुअर्टच्या पोटमाळ्यावर. लेनन खुर्चीत बसलेला, मागे हॅरिसन उभा. खिडकीतून एका बाजूने येणारा उजेड अर्ध्याच चेहऱ्यांवर पडलेला. एकोणीस वर्षांचा जॉर्ज त्या चित्रात मोठ्या भावासारखा दिसतो.

स्टुअर्टला लिव्हरपूलजवळच्या हायटन येथे पुरले. ऑक्टोबर १९६२ मध्ये बीटल्सची पहिली तबकडी आली. एप्रिल १९६४ मध्ये अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीतले पहिले पाचही क्रमांक त्यांचे होते. त्याच वर्षी वॉकर आर्ट गॅलरीत, जिथे त्याचे अर्धे चित्र लागले होते तिथे, स्टुअर्टच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. १९६७ मध्ये मित्रांनी त्याला आपल्या तबकडीच्या वेष्टनावर आणले. १९९४ मध्ये त्याच्या आणि ॲस्ट्रिडच्या जीवनावर ‘बॅकबीट’ हा चित्रपट निघाला. ॲस्ट्रिडचे निधन २०२० मध्ये झाले.

आता मामांच्या म्हणण्याकडे वळतो. हातचे कोणते आणि पळते कोणते? आपण आज मागे वळून पाहतो, म्हणून आपल्याला बीटल्स म्हणजे हातचे वाटते. जुलै १९६१ मध्ये ते काय होते? तबकडीवर स्वतःचे नाव नसलेला, गुत्त्यांत रात्रभर राबणारा, परदेशातून एकदा हाकलला गेलेला एक संच. लंडनमध्ये त्यांना कोणी ओळखत नव्हते. उलट स्टुअर्टच्या हाती काय होते? एक नामांकित प्रदर्शन, एक विकलेले चित्र, एक मोठा शिक्षक आणि आपण काय करू शकतो याची पुरती जाणीव. त्याच्या बाजूने पाहिले तर हातचे धरून पळते सोडणारा तोच ठरतो.

आणि समजा, बीटल्स पुढे एवढे मोठे होणार हे त्याला ठाऊक असते, तर? मला वाटते, तरी तो गेला असता. कारण वाद्यवृंदात तो मित्राच्या आग्रहाने आला होता. बेस तो प्रामाणिकपणे वाजवत होता, पण त्याच्या जागी दुसरा कोणी उभा राहिला तर चालण्यासारखे होते. पॉल उभा राहिला आणि अधिक चांगले चालले. पोटमाळ्यावरची चित्रे मात्र दुसऱ्या कोणालाच काढता आली नसती. आपल्याकडे फक्त दहा महिने आहेत हे त्याला कुठे माहीत होते? पण ते त्याने आपल्या कामात घालवले. ते दहा महिने तो टॉप टेन क्लबात उभा राहिला असता, तर आज त्याच्या नावावर वेष्टनाच्या कडेचा एक चेहरा एवढेच उरले असते.

वाद्यवृंदातली दीड वर्षे वाया गेली, असेही मी म्हणणार नाही. त्यानेच त्याला हॅम्बुर्गला नेले, ॲस्ट्रिड भेटवली, पाओलोत्सीपर्यंत पोहोचवले. दोन दगडांवर पाय ठेवू नये असे वडील माणसे सांगतात. पण ओढा ओलांडताना एक पाऊल एका दगडावर आणि दुसरे दुसऱ्या दगडावर पडतेच. तिथेच उभे राहिले तर मात्र पाय घसरतो.

मी काही सटक्लिफ नाही, हे सांगायला नको. इंटरमिजिएट परीक्षेच्या श्रेणीपलीकडे माझ्या नावावर काही नाही. माझी गिटार मी ऑर्केस्ट्रातल्या धाकट्या मित्राला वापरायला दिली आहे; त्याने तारा खुशाल बदलाव्यात. परवा त्यांचा कार्यक्रम ऐकायला गेलो तेव्हा तो माझ्यापेक्षा बरा वाजवत होता. वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? घरी येऊन मी उशिरापर्यंत चित्र काढीत बसलो. ए.टी.डी.ला प्रवेश मिळेल की नाही, हे हा अंक तुमच्या हाती येईपर्यंत कदाचित कळलेले असेल. नाही मिळाला, तर दुसरे दार ठोठवायचे असते, एवढे मी या एकवीस वर्षांच्या मुलाकडून शिकलो आहे.

मामांना हे सारे पत्राने कळवले. त्यांचे उत्तर आले नाही. पण गेल्या आठवड्यात एक पार्सल आले. त्यात तबकडी नव्हती, नुसते वेष्टन होते.

तृतीय वर्ष कला